बी.ए.नंतर क्रिमिनॉलॉजी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, पुढे क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, शिकायची आहे, पण वडील म्हणतात, 'पोलिसात जायचं तर भरतीची तयारी कर, गुन्हेगारांवर डिग्री घेऊन काय करणार?'

मीही सोलापूरचाच. मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे टिसमधून, सोशल वर्कची एम.ए. केली; विषय हाच. माझं उत्तर: जरूर घ्या. फक्त विषय ओळखून घ्या. ठसे, रक्ताचे नमुने, डीएनए यात रस असेल तर ते फॉरेन्सिक. त्याला सायन्सची पदवी लागते, बी.ए.वर बहुतेक ठिकाणी प्रवेश नाही. आपला विषय वेगळा. गुन्हेगार कुणाला म्हणायचं हे कोण ठरवतं, पकडलेल्या माणसाचं पुढे काय होतं, सुटल्यावर त्याला कोण दारात उभं करतं, हे सगळं त्यात येतं.

लहानपणापासून मी रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हणून पत्ता सांगत आलो. त्या शब्दाचा अर्थ मला मुंबईच्या वर्गात कळला. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. 1911 नंतर तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींतलं मूल जन्मतःच गुन्हेगार धरलं जाई. सोलापुरात त्यांना काटेरी तारेच्या आत ठेवलं, तीच ही 'सेटलमेंट'; रोजची हजेरी लावली आणि गिरण्यांत कामाला जुंपलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, तेव्हापासून 'विमुक्त' हा शब्द. पण संशय गेला का? ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं, आणि त्या निकालातही विमुक्तांवरच्या या शिक्क्याची चर्चा करावी लागली. ज्या इतिहासासाठी बाहेरचे अभ्यासक सोलापूर गाठतात, तो तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

फील्डवर्कमधला एक दिवस मी विसरलेलो नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई कॅरीबॅग छातीशी धरून बसली होती. आत रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स आणि दिराचा सातबारा. मला म्हणाली, 'जामीन झालाय म्हनत्यात, मग पोरगं घरला का येईना?' जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झाले होते. जामीनदार मिळत नव्हता. सातबारा दिराचा, आणि दीर सही द्यायला तयार नव्हता. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही अर्ज लिहून दिला. पोरगं नवव्या दिवशी सुटलं.

देशातल्या तुरुंगांत साधारण चारातले तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 479 प्रमाणे, आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचं आहे; फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले चालू असलेले सोडून. पण हा दिवस कुणाचा कधी भरतो, हे मोजत बसणारी माणसं लागतात. वडिलांना हेच सांगा. या डिग्रीचा उपयोग तिथे आहे.

नोकरीचं खरं सांगतो, जागा कमी आहेत आणि बऱ्याच कंत्राटी. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांचं निरीक्षणगृह, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, किंवा कैद्यांसोबत काम करणाऱ्या संस्था. टिसचाच 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून हे काम करतोय. शिकायला टिस, नाहीतर विजापूर-हुबळीच्या वाटेने धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, तिथे क्रिमिनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. गाव सोडणं शक्यच नसेल तर दयानंद लॉ कॉलेजला एलएल.बी. करा आणि फौजदारीकडे वळा.

फॉर्म भरण्याआधी आठवडाभर जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. खुल्या कोर्टात कुणालाही बसता येतं. आणि जमलं तर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचं स्वतंत्रपूर बघा. औंध संस्थानाने 1939 मध्ये वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. भिंत नाही, कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात. परवानगी कारागृह विभागाकडून लागते, तेव्हा अर्जाला कॉलेजचं पत्र जोडा.