लेंट आणि घरातली लेकरं

प्रिय बाळा,
जय ख्रिस्त.

तुझा मेसेज वाचला. थोरली आठ वर्षांची झाली, यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाच्या काळात, तिला शुक्रवारचा उपवास धरायला लावू का, सासूबाई म्हणतात लावायचा आणि तुझे मिस्टर म्हणतात एवढ्यात नको. फोनवर हे नीट बोलणं झालं नसतं म्हणून सविस्तर लिहिते.

पोटाचा उपवास लेकराला लावू नको. कॅथलिक लोकांचे नियम आपल्यापेक्षा कडक, पण त्यांच्यातही उपवास 18 ते 59 वयाच्या माणसांना आणि मांस वर्ज्य 14 पासून पुढं, लहान मुलांना काहीच सक्ती नाही, आणि आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तर मोठ्यांनासुद्धा ज्याच्या त्याच्या मनावर सोडलंय. त्यात आपलं सोलापूर, मार्चमधलं ऊन तुला माहितीये, शाळेतून येईपर्यंत पोरीचं तोंड लालबुंद झालेलं असतं, तिला आधी पाणी दे, जेवायला वाढ.

पण सासूबाईंना गप्प बसवू नको हं. त्या इतकी वर्षं उपवास धरतायत, त्यांनाच एका संध्याकाळी नातवंडांना घेऊन बसू दे आणि त्या दिवशी जेवण सोडून त्या कुणासाठी प्रार्थना करतात ते सांगू दे, आपल्या दहा वेळा सांगण्यापेक्षा मुलांना ते जास्त कळेल.

मग मुलांनी करायचं काय? बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा 58 वा अध्याय काढ आणि मुलांसमोर मोठ्यानं वाच. देवाला कसला उपवास आवडतो तर भुकेल्याला आपल्या भाकरीतलं द्यायचं, उघड्याला कपडा द्यायचा, आपल्याच माणसांकडं पाठ फिरवायची नाही. मला लेंटमध्ये सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, आपण जे सोडलं ते कुणाच्या तरी ताटात पोचलं पाहिजे, नाहीतर मुलांच्या डोक्यात एवढंच राहतं की मम्मीनं चॉकलेट बंद केलं.

म्हणून शुक्रवारी सगळ्या घरानंच साधं जेवा. कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा, वर ताक, मुलांना पोटभर. बेकरीचं, आइस्क्रीमचं, बाहेरून मागवायचं जे काही त्या दिवशी वाचेल ते पैसे डब्यात टाकायचे आणि टाकायचे मुलांच्या हातानं. अधूनमधून डबा उघडून सिव्हिलला जा. गावाकडनं आलेले पेशंटचे नातेवाईक तिथं आवारात बसलेले असतात, काहींना दोन-दोन दिवस घरचं खायला मिळालेलं नसतं, त्यांना भाकरी-चटणी बांधून ने आणि पोरीला स्वतःच्या हातानं देऊ दे. तू फक्त मागं उभी राहा, फोटो काढू नको, स्टेटसला तर अजिबात टाकू नको. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं प्रभूनं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय, आणि उपवास करताना तोंड उतरवून फिरू नका हेही तिथंच आहे.

यंदा म्हणजे 2026 ला राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, 18 फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर 5 एप्रिलला. थोरलीला कॅलेंडरवर मोजायला लाव. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 भरतात, मग ती विचारेल चाळीस कसे, तेव्हा सांग की मधले सहा रविवार धरायचे नाहीत, प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. त्यामुळं रविवारी मटण केलंस तरी मनाला लावून घेऊ नको.

रमजानही त्याच आठवड्यात सुरू होतोय. शेजारच्यांनी शुक्रवारी इफ्तारला बोलावलं तर खुशाल जा, आपलं साधं जेवण शनिवारी कर. शाळेत मैत्रिणी विचारतील तुमचा उपवास कसला, तर येशू आमच्यासाठी मरण पावला आणि परत उठला, त्याची आम्ही तयारी करतो, एवढं सांगता आलं तरी तिच्या वयाला भरपूर झालं.

आता तुम्हा दोघांचं. मुलांचा मोबाईल काढून घ्यायचा आणि आपण ताटावर रील्स बघत बसायचं असं चालणार नाही, मुलांचं सगळं लक्ष असतं. जेवताना सगळ्यांचे फोन कपाटात. आणि सोडायचंच असेल तर सकाळी स्कूल व्हॅन यायच्या वेळेला जी आरडाओरड होते ती सोडून बघ, मला विचारशील तर ते एक जेवण सोडण्यापेक्षा अवघड आहे. झोपताना मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, रोज थोडं थोडं वाचलं तरी ईस्टरपर्यंत आरामात होतं. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी डबल वाचायला लावू नको.

गुड फ्रायडेच्या उपासनेला बारा ते तीन धाकट्याला बसवून ठेवू नको, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी एक-दोन ऐकू दे, मग मिस्टरांना त्याला बाहेर न्यायला सांग. थोरली बसत असेल तर बसू दे. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला मात्र दोघांनाही उठव, झोपेत असले तरी उचलून आण, आणि रिक्षावाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेव, त्या वेळेला रस्त्यावर रिक्षा मिळत नाही.

तुझी,
संडे स्कूलची टीचर