बसल्यावर ९६, जिना चढला की ८८: सीटीतल्या 'फायब्रोसिस'चं काय करायचं?

ताई, तुम्ही विचारलंत: आयसीयूतून घरी आलेल्या मिस्टरांचा ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजन बसल्यावर ९६, जिना चढला की ८८, मग काय करायचं? डिस्चार्जला पाच आठवडे झालेत आणि सीटीत 'फायब्रोसिस' (फुप्फुसात व्रणासारखे पट्टे) लिहिलंय, म्हणून त्यांची फुप्फुसं कायमची गेली असं धरू नका. इतक्या लवकरच्या सीटीतले बरेच पट्टे अजून न उतरलेल्या सुजेचे असतात. सहा महिन्यांत, कधी वर्षभरात विरतात. पण जिन्यावरचं ८८ याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसात गुठळी नाही ना, आणि चालताना ऑक्सिजन लागतोय का, हे आधी ठरायला हवं. डिस्चार्जनंतर साधारण १२ आठवड्यांनी एक्स-रे, आणि दम लागणं टिकलं तर पीएफटी (फुप्फुसांच्या कामाची तपासणी) डीएलसीओसकट मागा; डीएलसीओ म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो याचं माप. नुसती स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून हवा मोजायची तपासणी, फसवू शकते. कधी हवा आत-बाहेर नीट होत असते, पण ऑक्सिजन रक्तात उतरणं मागे राहिलेलं असतं, आणि तेच सावकाश सुधारतं.

डॉक्टरांनी हो म्हटलं की सपाटीवर पाच-पाच मिनिटं चालायचं, दिवसातून तीनदा. बोलता येईल इतकाच वेग. ऑक्सिमीटर लावल्यावर आकडा स्थिर होऊ द्या. मेंदी किंवा गार बोट असेल तर चुकतो. थांबल्यावरही मिनिटभर बघत राहा, कारण सगळ्यात खालचा आकडा बऱ्याचदा थांबल्यावर दिसतो. ९०च्या खाली गेला तर बसायचं, नाकानं श्वास घ्यायचा, ओठ आवळून दुप्पट वेळ सोडायचा. आठवडाभर ९०च्या वर राहिला तर दोन मिनिटं वाढवा. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाचा सपाट काठ चालेल, पूर्ण फेरी नको. जोतिबाच्या पायऱ्या तर आत्ता अजिबात नकोत.

श्वासाच्या व्यायामाच्या तीन गोळ्यांच्या (प्लास्टिकच्या चेंडूंच्या) स्पायरोमीटरमध्ये बरेच जण फुंकतात. हवा आत ओढायची असते. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यापेक्षा एकच गोळी तीन सेकंद वर धरलेली बरी. मात्र त्यावर सगळी भिस्त नको. आयसीयूत मांड्यांचे स्नायू झडतात आणि बराचसा दम त्यामुळेही लागतो. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पाचपासून सुरू करा. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर ६० किलोच्या माणसाला रोज ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंड्यांत जेमतेम १२ मिळतात. ताकदीसाठी पांढरा रस्सा पाजत असाल तर मटणाच्या फोडीही खाऊ द्या, प्रथिनं त्यात असतात.

गुऱ्हाळाचा धूर, पेटवलेलं पाचट, मिरची भाजण्याचा खकाणा यांपासून लांब ठेवा.

स्टेरॉइड चालू असेल तर मनानं बंद करू नका; साखर तपासत राहा. अचानक दम, छातीत कळ, एकाच पोटरीला सूज, थुंकीत रक्त किंवा बसल्या जागी ९२च्या खाली आकडा, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या इमर्जन्सीत न्या.