वाचकांचे प्रश्न : मनोविकार-संशोधकाचा प्रभाव कशावरून ओळखावा?

प्रश्न : माझी कन्या इंदूरच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांचे प्रकाशित संशोधन आणि त्याचा प्रभाव या विषयावर लघुप्रबंध लिहावा, असे तिच्या मार्गदर्शकांनी सुचवले आहे. त्यांच्या नावावर शेकडो निबंध दिसतात आणि एच-निर्देशांकही पुष्कळ मोठा दिसतो. तेवढ्या आकड्यावरून प्रभाव सिद्ध झाला, असे लिहिणे योग्य होईल का? नसल्यास तिने सुरुवात कोठून करावी?
— एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : योग्य होणार नाही. एच-निर्देशांक ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. एखाद्याच्या पन्नास निबंधांचा प्रत्येकी किमान पन्नास वेळा इतरांनी उल्लेख केला असेल, तर त्याचा निर्देशांक पन्नास, असा तो साधा हिशेब आहे. उल्लेख कौतुकाने झाला की खंडन करण्यासाठी, हे त्यातून कळत नाही, आणि शेकडो सहलेखक असलेल्या निबंधाचे श्रेयही प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच जमा होते. लग्नाला किती पाहुणे आले यावरून वराची योग्यता ठरवावी, तसे हे होईल. मोठा आकडा नोंदवण्यास हरकत नाही, परंतु तो एका वाक्यात नोंदवून पुढे जावे.

पटेल यांचे निबंध कालक्रमाने वाचावेत, असे मी सुचवीन, कारण एका निबंधात जे साधले नाही तेच पुढच्या निबंधाचा प्रश्न कसे बनते, हे त्याशिवाय दिसत नाही. मुंबईत जन्मलेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले पटेल ऑक्सफर्ड आणि लंडन येथील शिक्षणानंतर १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे संशोधनासाठी गेले. तेथे त्यांनी परिचारिका, समाजातील आरोग्य कार्यकर्ते आणि पारंपरिक वैदू यांच्याकडून मनाच्या आजाराविषयीच्या कल्पना समजून घेतल्या, आणि रुग्ण आपला त्रास ज्या शब्दांत सांगतात त्या शब्दांच्या आधाराने शोना भाषेतील चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली, जी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. या प्रश्नावलीचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. झिम्बाब्वेचे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये आरोग्य केंद्राबाहेरच्या बाकावर वयस्क स्त्रियांकडून समुपदेशन देण्याचा उपक्रम सुरू केला. त्याची हरारेतील २४ केंद्रांमधील ५७३ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि तीत त्रासाचे मोजमाप याच प्रश्नावलीने केलेले होते. जवळजवळ वीस वर्षांनंतर दुसऱ्या कोणी तेच साधन हाती घेऊन स्वतःचे काम उभे करावे, हा प्रभावाचा पुरावा मला उल्लेखांच्या संख्येपेक्षा अधिक भक्कम वाटतो.

त्यानंतरचा काळ गोव्याचा. १९९६ मध्ये तेथे 'संगथ' ही संस्था स्थापन करण्यात पटेल यांचा वाटा होता. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला गोव्याचा निबंध आपल्या कन्येने आवर्जून वाचावा, आणि तो अपेक्षाभंग करणारा आहे म्हणूनच वाचावा. दोन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील ४५० रुग्णांचे तीन गट करण्यात आले होते. एकाला नैराश्यविरोधी औषध, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या औषधहीन गोळ्या आणि तिसऱ्याला संवादावर आधारित मानसोपचार देण्यात आला. दोन महिन्यांनी औषधाचा गट औषधहीन गोळ्यांच्या गटापेक्षा सरस ठरला, मात्र मानसोपचाराचा गट त्या गोळ्यांपेक्षा काकणभरही सरस ठरला नाही. त्याच वर्षी पटेल यांचे 'व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट' हे पुस्तक निघाले, ज्याचा वाचक मनोविकारतज्ज्ञ नसून सामान्य आरोग्य कार्यकर्ता आहे. कार्यकर्त्याच्या हाती पुस्तक द्यावयाचे, आणि संवादाने आराम पडल्याचा पुरावा मात्र स्वतःच्याच चाचणीत मिळालेला नाही, अशी ती अवघड अवस्था होती.

२०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली 'मानस' ही चाचणी त्या अडचणीचे पहिले उत्तर होते. 'मनशांती सुधार शोध' या कोंकणी नावाचे ते संक्षिप्त रूप. (केंद्र सरकारची २०२२ पासूनची टेली-मानस दूरध्वनी सेवा वेगळी आहे. नावाच्या साम्यावरून ही दोन्ही एकच मानल्याचे विद्यार्थ्यांच्या टिपणांत सर्रास आढळते.) गोव्यातील १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखाने निवडून, निम्म्या ठिकाणी मानसोपचाराची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमण्यात आले. समुपदेशक, दवाखान्यातील डॉक्टर आणि वरून देखरेख करणारा मनोविकारतज्ज्ञ अशी ती तीन पायऱ्यांची रचना होती. एकूण २,७९६ रुग्ण सहभागी झाले. निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशकाच्या गटात ६५.९ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र हे आकडे अनुक्रमे ६४.१ आणि ६५.९ टक्के असे होते, म्हणजे तेथे काहीच फरक पडला नाही.

या निबंधाचा उल्लेख करणारे पुष्कळसे लेखक पहिली जोडी सांगतात आणि दुसरी गाळतात. माझ्या मते दुसऱ्या जोडीतच खरा विचार करण्यासारखा भाग आहे. चारही आकडे शेजारी ठेवले असता दिसते की खासगी डॉक्टरांचे रुग्ण समुपदेशकाविनाही तेवढ्याच प्रमाणात बरे होत होते. रुग्णाला नावाने ओळखणारा आणि त्याच्याशी चार शब्द बोलणारा डॉक्टर तेथे आधीपासूनच होता, असा त्याचा एक संभाव्य अर्थ निघतो. गर्दीने भरलेल्या सरकारी केंद्रात जी उणीव होती, ती समुपदेशकाने भरून काढली.

पुढचे पाऊल २०१७ मध्ये पडले. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अशाच प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींचा एक उपचार दिला. सुटलेली कामे, माणसे आणि दिनक्रम यांच्याकडे रुग्णाला टप्प्याटप्प्याने परत आणणे, एवढेच त्याचे सूत्र होते. समुपदेशकांनी एकमेकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून गुण द्यावेत, अशी देखरेखीची पद्धत ठेवली होती. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण या गटात ६४ टक्के आणि केवळ सुधारित नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के होते. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या निबंधानुसार हा लाभ बारा महिन्यांपर्यंत टिकला. २००३ मध्ये निष्फळ ठरलेला संवाद चौदा वर्षांनी यशस्वी ठरला तो का, हा एकच प्रश्न लघुप्रबंधाला पुरेल.

प्रश्न : मी आरोग्य विभागातून निवृत्त झालो आहे. हे सगळे प्रयोग गोव्याचे, जेथे साक्षरता अधिक आणि दवाखाने जवळ. आपल्या मध्य प्रदेशात यातील काही आले आहे काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आले आहे, आणि आपल्यापासून फार दूरही नाही. इंदूरहून भोपाळला जाताना वाटेत लागणारा सीहोर जिल्हा हा 'प्राइम' या प्रकल्पाचे भारतातील क्षेत्र होता. इथिओपिया, नेपाळ, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि भारत या पाच देशांत २०११ पासून चाललेल्या या प्रकल्पाचा हेतू, मानसिक आरोग्याचे उपचार सामान्य सरकारी आरोग्यसेवेतच सामावून घेणे हा होता. सीहोरमधील काही सामुदायिक आरोग्य केंद्रांत त्यासाठी 'मन-कक्ष' सुरू करण्यात आले. त्याचे फलित २०१९ मध्ये डॉ. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी, ज्यांत पटेलही होते, मोकळेपणाने मांडले. केंद्रात येऊन उपचार घेतलेल्या नैराश्यग्रस्तांची लक्षणे कमी झाली, परंतु गावांतील एकूण नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांच्या प्रमाणात लक्षणीय वाढ झाली नाही.

याच्या शेजारी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतील 'विश्राम' उपक्रम ठेवून पाहावा, ज्याचे निबंधलेखनही शिधये यांनीच केले. तेथे गावातील कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलत असत. सध्या नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. दोन्हीकडे विचारांची कूळकथा एक असूनही, माणूस केंद्रावर येण्याची वाट पाहणे आणि त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाणे यांत किती अंतर आहे, हे आपल्यासारख्या क्षेत्रात काम केलेल्यांना वेगळे सांगावयास नको. सीहोरमध्ये पुढे आशा कार्यकर्त्यांना २०१७ च्या चाचणीतला गोव्याचा उपचार शिकवण्याच्या पद्धती, वर्गात बसवून आणि मोबाइलच्या साह्याने, पारखण्यात आल्या. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) पाहणी झालेल्या बारा राज्यांत मध्य प्रदेश होता, आणि त्या सर्वेक्षणाप्रमाणे विविध मनोविकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के इतके होते. यासाठी केवळ बाणगंगेचे मानसिक रुग्णालय आणि ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा पुरणार नाही, हे उघड आहे.

प्रश्न : श्रीमंतांना तज्ज्ञ आणि गरिबांना अर्धशिक्षित समुपदेशक, असा हा व्यवहार नव्हे काय? शिवाय पाश्चात्त्य निदाने आपल्या दुःखांवर लादली जात आहेत, असाही आक्षेप ऐकतो.
— एक सेवानिवृत्त प्राध्यापक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : दुसरा आक्षेप अधिक जड आहे. २००७ मध्ये 'लॅन्सेट'ने जागतिक मानसिक आरोग्यावर जी लेखमाला काढली तिच्या प्रमुख लेखकांत पटेल होते, आणि तिच्यापाठोपाठ एक जागतिक चळवळ उभी राहिली. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड यांनी या साऱ्याला वैद्यकीय साम्राज्यवाद म्हटले. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापक दिवंगत भार्गवी दावर यांनी तर मनोसामाजिक अपंगत्व (मानसिक त्रास आणि समाजाचे अडथळे मिळून येणारी अक्षमता) असलेल्यांच्या हक्कांच्या बाजूने, आजाराच्या चौकटीवरच प्रश्न उभा केला. पटेल यांच्या सहनेतृत्वाखालील २०१८ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात मानसिक आरोग्य हे निरोगी आणि आजारी अशा दोन कप्प्यांत न मांडता एका सलग पट्ट्यासारखे मांडले गेले. दारिद्र्य, हिंसा आणि हक्क यांना त्यात पुष्कळ जागा मिळाली. टीकेचा त्यात वाटा असावा, असे मला वाटते. टीकाकारांचे समाधान मात्र त्याने झाले नाही.

पहिल्या आक्षेपाबाबत एवढेच की 'मानस'मध्ये तज्ज्ञाला वगळलेले नव्हते, त्याला देखरेखीच्या जागी नेले होते, आणि तुलना तज्ज्ञाच्या उपचारांशी नसून सरकारी केंद्रात प्रत्यक्ष मिळणाऱ्या उपचारांशी होती. तो तज्ज्ञ नसताना समुपदेशकाला एकटे सोडले, तर आपला आक्षेप खरा ठरेल. तीव्र आजारांत या पद्धतीची मर्यादाही दिसते. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर तमिळनाडू, गोवा आणि सातारा येथे झालेल्या, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पटेल सहलेखक होते. समाजातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांची जोड दिलेल्या गटात वर्षअखेर लक्षणे आणि असमर्थता थोडी कमी झाली, परंतु रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना सोसाव्या लागणाऱ्या कलंकात व भेदभावात दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही.