आधी एक प्रश्न धर

नर्स म्हणून नवीन लागली आहेस, म्हणून सांगते. संशोधन म्हणजे जाडजूड ग्रंथ नव्हेत. ड्युटीवर खटकलेला एक प्रश्न धर आणि त्याचं उत्तर शोध.

आम्ही वर्षानुवर्षं तीन-चार दिवस झाले की कॅन्युला (सलाईन-औषधासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) बदलायचो, जागा अगदी चांगली असली तरी. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या ३,२८३ रुग्णांचा अभ्यास आला. ठरल्या वेळी बदला किंवा गरज पडल्यावर, शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच! किती जणांना उगाच टोचलं, याची मला अजून हळहळ वाटते.

पण म्हणून कॅन्युला विसरायची नाही. दर शिफ्टला जागा बघ, हलकेच दाबून दुखतं का विचार. लाली दिसली तर लगेच काढ. वॉर्डचा नियम मात्र परस्पर मोडू नकोस. अभ्यासाची प्रत घेऊन इन्चार्ज सिस्टरांकडे जा.