गाडीखाली ऑइलचे डाग पडतात. गिअरबॉक्स उतरवायलाच हवा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, नेरुळला सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी तिच्याखाली रुपयाएवढे दोन-तीन काळे डाग दिसतात आणि गॅरेजवाला म्हणतो, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) गिअरबॉक्सकडचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अजून हो म्हणू नका. आधी इंजिन बाहेरून स्वच्छ करून घ्या.

मी ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. माझ्या गाडीला चार वर्षांपूर्वी हेच झालं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडायचे. एका गॅरेजने खालून टॉर्च मारून पाहिलं, सील गेलं म्हणून सांगितलं, गिअरबॉक्स उतरवून नवं सील घातलं. नऊ हजार रुपये गेले आणि पंधरा दिवसांत डाग पुन्हा तिथेच. मग वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. ते गाडीखाली गेलेच नाहीत. बॉनेट उघडलं, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि ऑइलने माखलेलं बोट मला दाखवलं. तिथलं रबरी पॅकिंग उष्णतेने कडक झालं होतं. ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत सांध्यापर्यंत यायचं आणि तिथून टपकायचं. नवं पॅकिंग पाचशेच्या आत आलं. त्या नऊ हजारांची हळहळ अजून आहे, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

ऑइल उतारावरून खाली येतं, आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं. खाली प्लास्टिकचं गार्ड असेल तर त्यात साचून भलत्याच भोकातून पडतं. त्यामुळे जमिनीवरच्या डागावरून फार कळत नाही. ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची, आणि सगळं इंजिनच माखलेलं असेल तर ती दिसत नाही.

मुळात ते इंजिन ऑइलच आहे ना, हे बघा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. एसीचं पाणी नितळ असतं, कूलंट हिरवं किंवा गुलाबी आणि पातळ. गिअर ऑइलचा वास उग्र असतो, आणि ते एक्सलच्या सीलमधूनही गळतं. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) सपाट जागेवर, इंजिन थंड असताना बघा आणि आठवड्याने पुन्हा बघा. पातळी उतरत असेल तर ते इंजिन ऑइलच असण्याची शक्यता जास्त.

आता सफाई. इंजिन थंड असू द्या. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका. डिग्रीझर फवारून ब्रशने घासा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा इथे नको. खरवडून निघालेलं ऑइल आणि माखलेली फडकी गटारात टाकू नका. आपल्याकडची गटारं शेवटी खाडीला मिळतात, आणि ठाणे खाडीला 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळालाय. कोरडं झालं की संशयाच्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर शिंपडा. पाम बीच रोडवर वीस मिनिटं गाडी चालवून या आणि लगेच बॉनेट उघडा. पावडरवर ओली काळी रेघ उमटलेली दिसेल. इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपच्या बाजूला हात घालू नका, भाजेल. काहीच दिसलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा बघा. बारीक गळतीला वेळ लागतो. तरीही सापडली नाही तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील टॉर्च मिळतो, तो वापरायला सांगा.

शोध वरून खाली घ्या. टॅपेट कव्हर, मग ऑइल प्रेशर स्विच (त्याचा वायरचा कनेक्टर काढा, आत ऑइल असेल तर स्विच बदला, स्वस्त असतो), मग फिल्टर, चेंबरचं (इंजिनखाली ऑइल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग, शेवटी ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा खालचा बोल्ट). नुकतंच ऑइल बदललं असेल तर मात्र फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर आधी बघा. स्पीडब्रेकरला गाडी खालून घासली असेल तर चेंबरवर पोचा आहे का तेही बघा. स्वतः खाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कधीही जाऊ नका, स्टँड लावा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग निघालं तर दोन गोष्टी मिस्त्रीला आवर्जून सांगा. जुनं पॅकिंग काढून दोन्ही बाजू नीट पुसायच्या. सांधा बुजवायचं सिलिकॉन गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांवर थेंबभरच लावायचं. जास्तीचं सिलिकॉन आत तुटून पडतं आणि चेंबरमधल्या ऑइलच्या जाळीत अडकू शकतं. दुसरं, पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनमधला वायू बाहेर सोडणारी झडप, तपासायचा. तो चोंदला की इंजिनमधला दाब बाहेर पडत नाही, मग नवं पॅकिंगही टिकत नाही. गळती थांबवणारी औषधं आणि जाड ऑइल घालायचा सल्ला मी मानत नाही. कडक झालेलं, चिरलेलं पॅकिंग त्याने बरं होत नाही.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी डिपस्टिक बघा आणि लागेल तसं ऑइल घाला. दोन परिस्थितींत मात्र थांबा. सिग्नलला उभं असताना जळक्या ऑइलचा वास येत असेल तर ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडतंय, त्याने आग लागू शकते. आणि ऑइलचा लाल दिवा लागला तर घरापर्यंत न्यायचा विचारही करू नका. कडेला घेऊन इंजिन बंद करा. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे.

एवढं करून वरचं सगळं कोरडं निघालं आणि फक्त सांध्यातूनच इंजिन ऑइल येतंय असं दिसलं, तर तुमचा गॅरेजवाला बरोबर आहे. मग गिअरबॉक्स उतरवू द्या, आणि क्लच प्लेट किती झिजलीय ते स्वतः समोर उभं राहून बघा. ती संपत आली असेल तर त्याच वेळी बदला, पुन्हा उतरवायची मजुरी वाचेल.