खांदा चहूकडे फिरतो, मग कोपर का नाही?

कारण कोपर बिजागरी आहे. दंडाच्या हाडाचं खालचं टोक दोऱ्याच्या रिळासारखं असतं आणि करंगळीकडचं हाड त्याला आकड्यासारखं धरून बसतं. मिटायचं आणि उघडायचं, बस. तळहात उलटासुलटा होतो तो या बिजागरीने नाही. अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावर लोळतं म्हणून.

खांद्याला मात्र पुस्तकात उखळीचा सांधा म्हणतात, आणि तिथेच माझं भांडण आहे. उखळ आमच्या अंगणात आहे, चांगलं खोल. खुबा तसा असतो. खांद्याची खोबण म्हणजे चहाची बशी, आणि दंडाच्या हाडाचा गोळा म्हणजे त्यात ठेवलेलं लिंबू. स्नायू धरून ठेवतात म्हणून राहतं. चहूकडे फिरतो तो म्हणूनच, आणि निखळतोही म्हणूनच.

मी 22 वर्षांचा होतो. आर्वीकडच्या वावरात नवा गोऱ्हा वखराला शिकवत होतो, कासरा मनगटाला गुंडाळलेला. (गुंडाळू नये हे पोरासोरांनाही कळतं.) नाल्यातून रानडुक्कर निघालं, गोऱ्हा उधळला आणि माझा हात मागे गेला तो तिथेच राहिला. खांद्याची गोलाई गेली, चौकोनी कोपरा दिसायला लागला. गोळा पुढे काखेजवळ हाताला लागत होता.

काकाजी आले. "काई होत नाही बे, आता बसवतो. डाक्टर काय येगळं करते?" मला धुऱ्यावर आडवं केलं, काखेत टाच रोवली आणि मनगट धरून ओढलं. टक् आवाज आला. बसला! काकाजींनी तिथेच तंबाखू मळली.

पुढे महिनाभर दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर, रुपयाएवढ्या जागेत, चिमटा काढला तरी कळत नव्हतं. त्यानंतर खांदा तीनदा निखळला, एकदा तर झोपेत कूस बदलताना. तरुण वयात एकदा सुटला की पुन्हा सुटायची सवय लागते, हे नंतर हाडांच्या डॉक्टरांकडून कळलं. सोबत हाड मोडलेलं असेल तर अशी ओढाताण त्याला आणखी सरकवते. म्हणून आधी एक्स-रे काढायचा, मग ओढायचं.

आता खरं सांगायचं तर काखेत टाच देऊन ओढणं ही जुन्या ग्रीक वैद्याच्या, हिपोक्रेटिसच्या काळापासूनची रीत आहे, काकाजींनी मनाने काढलेली नव्हती. बधिरपणाही त्या गोऱ्ह्याच्या झटक्यानेच आला असेल. पण काकाजी, नातू तुम्हाला हे मोबाइलवर वाचून दाखवत असेल तर ऐका: लग्नाकार्यात "याचा खांदा म्याच बसवला" म्हणता ना, तीन वेळा कोणी बसवला तेही सांगत जा.