दवाखाना सांभाळून शेती करताना

डॉक्टर, दवाखाना सांभाळून शेती करायची तर तिची सुरुवात द्राक्षबागेने करू नये, असे मी आपणांस आग्रहाने सांगतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळे धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) ढगाळ हवामान आले की केवडा या बुरशीजन्य रोगासाठीची फवारणी लांबवता येत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत डेंग्यूच्या रुग्णांमुळे आपल्याला दवाखान्यातून हलता येत नाही. त्याऐवजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नरकडच्या कोरड्या, हलक्या जमिनीवर ठिबक बसवून सीताफळ लावावे. एखादा रविवार चुकला तरी ते झाड तग धरते.

जमीन घेण्यापूर्वी आपल्या कुटुंबातील कोणाचे नाव सातबाऱ्यावर आहे का, हे पाहावे, कारण 1948 च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. विहीर मे महिन्यातच, म्हणजे पाणी सर्वांत कमी असताना, पाहावी.

राहिला प्रश्न आपली शेती सांभाळण्यासाठी शेतावर राहणाऱ्या कुटुंबाचा, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कीटकनाशके कुलुपात ठेवावीत, हातमोजे व मास्क आपण स्वतः पुरवावेत, आणि फवारणीनंतर घाम, लाळ किंवा उलट्या सुरू झाल्यास, तसेच सर्पदंश झाल्यास, आपल्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.